बर्फात वाळत घातलेली तुती

...आणि वर आमची ही मलाच विचारते, "अहो, या पिशव्यांना भोकं कुणी पाडली?" आता घरात माणसं किती? दोन! त्यातली एक बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून अडीच महिने तिकडे मुक्कामाला. उरलं कोण? मी! तरी विचारायचं! बरं, विचारायचं तेही असं, की जणू चोर खिडकीतून आत शिरला, कपाटाला हात नाही लावला, फ्रीजर उघडला, पिशव्यांना भोकं पाडली आणि आल्या वाटेनं निघून गेला. तुम्हाला सांगतो, मीच पाडली. कबूल. एकेका पिशवीला बारा बारा पाडली, दाभणानं पाडली, मोजून पाडली. पण का पाडली, हे ऐकून घ्यायला आमच्या घरात कुणाला सवड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. बसा. तो स्टुलावरचा गठ्ठा खाली ठेवा आणि बसा. कोट होतोय तुमचा, इस्त्री तापतेय, कोट काही पळून जात नाही.

माझा धंदा काय? तुम्ही म्हणाल, लाँड्री, म्हणजे धुणं. साफ चूक! धुतं काय, कुणीही धुतं, आता तर मशीन धुतं. खरं कसब वाळवण्यात आहे. बेचाळीस वर्षं झाली मला या दुकानात, खाली लाँड्री आणि वर बिऱ्हाड. बेचाळीस वर्षं मी फक्त वाळवतोय. लोकरीचा स्वेटर का टांगायचा नाही, मखमल कुठल्या अंगानं पसरायची, ढगाळ दिवशी पंखा कुठं लावायचा... शर्टाची कॉलर नुसती चिमटीत धरतो आणि सांगतो, अजून वीस मिनिटं. आणि वीसच मिनिटं लागतात! तर अशा माणसाला तुम्ही विचारा, बाबा रे, वाळायला काय लागतं? मी सांगेन, ऊन लागतं, वारा लागतो, नाहीतर गरम हवा लागते. हे कालच्या पोराला ठाऊक आहे. आणि तिकडे माझ्याच डोक्यावर, माझ्याच स्वयंपाकघरात, जिथं ओलं बोट टेकवलं तर चिकटून बसतं अशा त्या फ्रीजरमध्ये, अंधारात, दार लावून, वाळत होतं! बर्फात वाळतं हो! बर्फात!

थांबा, आधी झाडाचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा चळला.

या मागच्या अंगणात, जिथं माझ्या दोऱ्या बांधलेल्या आहेत ना, तिथं तुतीचं झाड होतं. आता तुम्हीच सांगा, लाँड्रीच्या अंगणात तुतीचं झाड? म्हणजे माझी पांढरीशुभ्र चादर दोरीवर, आणि वरून ती पिकलेली काळी तुती टप्प! जांभळा डाग! लिंबू चोळा, मीठ चोळा, उकळतं पाणी ओता, डाग आपला तिथंच. वर पाखरं यायची, तीही तुती खाऊन... जाऊ दे, तुम्ही चहा प्यायलाय. दर वर्षी महिनाभर मी त्या झाडाच्या नावानं बोटं मोडायचो. कुऱ्हाड आणतो म्हणायचो. आणि कुऱ्हाड म्हटलं की आमची लेक जाऊन खोडाला मिठी मारून उभी. एवढीशी होती, फ्रॉक जांभळा, तोंड जांभळं, दात जांभळे. "बाबा, आधी मला तोडा!" आता लेकीला कोण तोडणार? राहिलं झाड. लेक मोठी झाली, लग्न करून लांब गेली, सहा वर्षांत तिला यायला जमलं नाही. झाड मात्र इथंच, माझ्या चादरींवर नेम धरून.

आणि गेल्या वादळात ते पडलं. आपणहून पडलं हं! मी हात लावला नाही, हे नीट ऐकून ठेवा, पुढं कामाला येणार आहे. सकाळी खिडकी उघडली तर स्वयंपाकघरात उजेडच उजेड. खाली बघतो तर झाड आडवं, दोऱ्या तुटलेल्या आणि फांद्या फळांनी लगडलेल्या. आमची ही तडक खाली उतरली. मग पदर खोचला, टोपली घेतली आणि आडव्या झाडाची सगळी फळं खुडली. धुतली, निथळवली, पुसली, पाच पिशव्या भरल्या आणि फ्रीजरमध्ये ठेवल्या. त्याच आठवड्यात लेकीचा फोन. दिवस गेलेत! यंदा नक्की येते! आणि पुढचं वाक्य काय? "बाबा, मला दुसरं काही नको, मला फक्त आपल्या झाडाची तुती खावीशी वाटतेय हो."

आता बाजारात तुती मिळत नाही का? मिळते. ढिगानं मिळते. पण आपल्या झाडाची? ती जगात फक्त पाच पिशव्या. संपली की संपली. मी म्हटलं, तू ये, तुती तुझी वाट बघतेय.

मग ते गुडघ्याचं निघालं. ही निघाली बहिणीकडे. दारात रिक्षा उभी आणि ही मला सांगतेय, "अहो, गॅस बघा, खिडक्या लावा, आणि फ्रीजरमधल्या त्या पाच पिशव्या सांभाळा. तुमच्यावर सोपवून चाललेय." तुमच्यावर सोपवून! इतक्या वर्षांच्या संसारात हिनं माझ्यावर स्वयंपाकघरातली काही वस्तू सोपवली होती का? साधी मिठाची बरणी नाही! मला असं भरून आलं की काय सांगू. म्हटलं, आता सांभाळतोच. नुसतं ठेवून दिलं म्हणजे सांभाळणं नव्हे. त्यासाठी काहीतरी करायला हवं.

आणि केलं! म्हणजे बघा, आपण धुतलेला कोट प्लास्टिकच्या कव्हरात घालतो. कव्हर बंद राहिलं तर काय होतं? आत दमट राहतं, कुबट वास मारतो, बुरशी धरते. म्हणून आम्ही काय करतो? कव्हराला भोकं पाडतो. बारा भोकं. सहा पुढं, सहा मागं. कपड्याला श्वास घेता आला पाहिजे, हे मी या धंद्यात पहिल्या दिवशी शिकलो. आता मी फ्रीजर उघडून बघतो तर पाचही पिशव्या गच्च बंद! हिनं आतली हवा दाबून दाबून काढलेली, वर गाठी मारलेल्या. म्हटलं, अरे, ही बिचारी तुती गुदमरेल! गेलो खाली, दाभण आणलं, गाठी सोडल्या, पिशव्यांना जरा ऐसपैस केलं, आणि बारा बारा भोकं पाडून परत ठेवल्या. आणि तुम्हाला सांगतो, इतकं समाधान वाटलं! त्या रात्री मला काय गाढ झोप लागली!

दोन महिन्यांनी म्हटलं बघावं, जीव कसा आहे तिचा. उघडलं... आणि बघतो तर काय!

काळीभोर तुती होती हो. आता वर पांढरट, करडी, सुरकुतलेली. एकेक फळ चिपाडासारखं हलकं. आणि पिशवीच्या आतून बर्फाचे बारीक काटे. मी म्हटलं बुरशी! वास घेतला, बुरशी नाही. म्हटलं राख? फ्रीजरमध्ये राख कुठून येणार? मी वजनकाट्यावर ठेवली, आपल्याकडे किलोवर कपडे घेतात तोच काटा. हिनं प्रत्येक पिशवीवर वजन लिहिलेलं, पाचशे ग्रॅम. काटा म्हणतो चारशे चाळीस. परत ठेवली. चारशे चाळीस! साठ ग्रॅम गेले कुठं? पिशवी गळत नाही, खाली पाण्याचा थेंब नाही, मी एक फळ तोंडात टाकलेलं नाही. बरं, एका पिशवीचं म्हणावं तर दुसरी? चारशे पस्तीस!

मग मी फोन केला फ्रीजवालीला. फ्रीज दुरुस्त करायला हल्ली एक बाई येते, हडकुळी, खांद्याला हत्यारांची पिशवी, बोलणं अगदी मोजकं, आपण दहा वाक्यं बोलावीत तेव्हा ती एक बोलते. ती आली. मागं बघितलं, पुढं बघितलं, दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून बघितला. म्हणाली, "काका, मशीन चांगलं आहे."

मी म्हटलं, "अहो बाई, मग हे काय?"

तिनं पिशवी उचलली, उजेडाकडे धरली, भोकं बघितली, माझ्याकडे बघितलं. परत भोकं बघितली. "जळलंय," म्हणाली.

"जळलंय? फ्रीजरमध्ये?"

"गारठ्यानं जळलंय. म्हणजे वाळलंय. फळातल्या पाण्याचा बर्फ होतो ना, त्या बर्फाची वाफ झाली."

मी म्हटलं, "वितळून?"

"न वितळता."

मी म्हटलं, "बाई, मला पाणी आणि वाफ शिकवू नका, बेचाळीस वर्षं माझं तेच चाललंय. आधी पाणी, मग वाफ. बर्फ असेल तर आधी तो वितळणार, मग त्याचं पाणी होणार, मग कुठं वाफ. मधलं स्टेशन चुकवून गाडी जाईल कशी?"

तर ती काय म्हणते, "जाते काका. थांबत नाही." आणि मग एवढी मोजकी बाई, पण तिलाही रंग चढला बहुतेक, हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आमच्याकडे, वर बर्फाच्या डोंगरात, थंडीत बाहेर कपडे टाकले की गोठतात. पॅन्ट दोरीवर फळीसारखी ताठ होते, भिंतीला टेकवून उभी करता येते. आई तशीच राहू द्यायची. दोन दिवसांनी हात लावला की मऊ. कोरडी. खाली थेंब पडलेला नसायचा."

काय सांगू तुम्हाला! अंगावर काटा आला माझ्या! पॅन्ट! गोठलेली पॅन्ट, ऊन नाही, गरम हवा नाही, बर्फ होऊन उभी, आणि दोन दिवसांत कोरडी! मी इथं बेचाळीस वर्षं ढगाकडे बघून उसासे टाकतोय, आणि तिकडे कुणाची तरी आई बर्फावर कपडे वाळवतेय! मी म्हटलं, "बाई, खोटं नका बोलू." ती म्हणाली, "शप्पथ काका." मी म्हटलं, "मग ते पाणी जातं कुठं?" ती म्हणाली, "फ्रीजरमधली हवा फार कोरडी. तहानलेली. तिला जिथं फट मिळेल तिथून ती ओल पिते आणि सगळ्यात थंड जागी नेऊन चिकटवते. हे पिशवीतले काटे दिसतात ना? ही तुमची तुतीच. बाहेर येऊन बसलीय." माझीच तुती! तिच्यातलं पाणी तिच्यातून निघालं, हवेतून चाललं, पलीकडे जाऊन परत बर्फ झालं, आणि या सगळ्या प्रवासात एकदाही ओलं झालं नाही! बर्फात वाळतं हो! बर्फात!

आणि मग तिनं विचारलं, "भोकं कुणी पाडली?"

मी म्हटलं, "पाडली कुणीतरी."

ती गेली, पण मी काही जागेवर राहिलो नाही. मला सांगा, तुमच्या घरात असा प्रकार चालू आहे, आणि तुम्ही खाली बसून इस्त्री कराल? मी दर अर्ध्या तासानं वर. दार उघडायचं, बघायचं. काही दिसत नाही, पण चाललंय! माझ्या समोर चाललंय! गिऱ्हाईक आलं की म्हणायचो, साहेब, शर्ट होईल, आधी वर चला. त्या बँकेतल्या बाईंना नेलं, पोस्टमनला नेलं, समोरच्या दातांच्या डॉक्टरला तर तोंडावर मास्क होता तसाच नेला. दार उघडायचो आणि म्हणायचो, "बघा." ते म्हणायचे, "काय बघू?" मी म्हणायचो, "वाळतंय." ते म्हणायचे, "काय?" मी म्हणायचो, "अहो, बर्फ!" डॉक्टरनं माझी नाडीच बघितली.

आणि मग एकदा मी नेलं कोपऱ्यावरच्या खाटकाला. भला मोठा माणूस, हात दरवाजाएवढे, आवाज त्याहून मोठा. त्यानं आत डोकावलं आणि असा ओरडला, "दार लावा आधी! लावा! दिवसातून किती वेळा उघडता?"

मी म्हटलं, "असेल वीसेक वेळा."

"वीस! अहो, तुम्ही दार उघडलंत की गरम हवा आत. बर्फ जरा सैल पडतो. दार लावलंत की परत आवळतो. सैल पडला की ओल निघाली, आवळला की काटे झाले. वीस वेळा उघडून तुम्ही तिला वीस वेळा पिळताय!"

म्हणजे बघा आता. मी तिला बघत होतो म्हणून ती वाळत होती! मी इतक्या कौतुकानं जे बघत होतो, ते मी बघितल्यामुळं वाढत होतं!

त्यानं मला त्याच्या दुकानात नेलं, दाखवलं. मांसाचा तुकडा, त्याला पातळ प्लास्टिक असं चापूनचोपून बसवलेलं की अंगाची कातडीच, वर जाड कागद, वर तारीख. "हवा आत ठेवायची नाही," तो म्हणाला. "हवा राहिली की गेलंच. गरम काही आत टाकायचं नाही, आधी निववायचं. मोठा ढीग ठेवायचा नाही, एका वेळेला लागेल एवढीच पुडी. आणि सांभाळायचं म्हणून वर्षानुवर्षं ठेवायचं नाही, खायचं." मासे तर तो म्हणे आधी गोठवतो, मग गार पाण्यात बुडवून काढतो, परत गोठवतो. म्हणजे माशाला वरून बर्फाचा कोट! मग ती तहानलेली हवा काय करते? कोट पिते! मासा आत सुखरूप! अहो, मी जन्मभर कोट सांभाळले, पण माणसाला सांभाळणारा कोट आणि माशाला सांभाळणारा कोट एकच काम करतो, हे मला कधी सुचलं का?

मी विचारलं, "माझ्या पिशव्या हवा दाबून काढलेल्या होत्या, गाठी मारलेल्या होत्या, ते बरोबर होतं का?"

खाटीक म्हणाला, "एकदम बरोबर. कुणी भरल्या होत्या?"

मी म्हटलं, "बायकोनं."

"मग भोकं कुणी पाडली?"

बघा! जो तो तेच विचारतो!

मी घरी आलो. पाचही पिशव्यांच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावल्या, आतली हवा नळी लावून ओढून काढली, असा चापून गुंडाळा केला की खाटीक बघत राहिला असता. पण गेलेलं पाणी काही परत येईना. भिजवून बघू? विचारलं फ्रीजवालीला फोनवर. ती म्हणाली, "वरून ओलं होईल, फळ होणार नाही. खायला काही अपाय नाही, काका. पण चव..." आणि गप्प बसली. मोजकी बाई गप्प बसली की फार बोलते हो.

आणि आली की ही! सामानाची पिशवी दारात, चप्पल पायात, आणि पहिल्यांदा फ्रीजर. मी आपला मागं मागं. तिनं दार उघडलं, पिशवी काढली, उलगडली, आणि विचारलं ते तुम्हाला सांगितलंच. मी म्हटलं, अगं, ऐक तर खरं, पाणी मध्ये न होता सरळ वाफ होते, पॅन्ट फळीसारखी उभी राहते, माशाला कोट घालतात... तिनं सगळं ऐकून घेतलं. आणि मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला ते झाड कधी आवडलंच नाही."

बस्स. ओरडली असती तर मी ओरडलो असतो. आदळआपट केली असती तर मी खाली येऊन चादरी घड्या केल्या असत्या. पण हे! म्हणजे हिला वाटतंय मी मुद्दाम केलं! म्हणजे लेकीलाही तेच वाटणार! आणि वाटणार का नाही? कुऱ्हाड कुऱ्हाड करत जन्म घालवला कुणी? मीच ना! आता कुणाला सांगू की झाड पडल्यापासून मला त्या अंगणात उभं राहवत नाही? एवढं ऊन पडतं आता तिथं, चादरी दोन तासांत खडखडीत, एक डाग नाही, आणि मी प्रत्येक चादर काढताना उलटसुलट करून डाग शोधतो. शोधतो हो! सापडत नाही. मला ते झाड आवडत होतं. मला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा ते अंगणात आडवं होतं. हे मी बायकोला सांगितलं का? नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय, तुमच्या कोटाची बाही धरून.

लेक आली. पोट पुढं, पाय सुजलेले, तोंडभर हसू. बसली नाही, पाणी घेतलं नाही. "बाबा, तुती?" हिनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे तुम्हीच द्या. मी आपली बशी आणली. त्यातल्या त्यात काळी काळी निवडलेली फळं घातली होती, पण काळी होती किती? मी बशी पुढं धरली आणि म्हटलं, "आधी ऐक. ही खराब झालीय. भोकं मी पाडली. मला वाटलं तिला श्वास लागेल. मुद्दाम नाही गं केलं."

तिनं एक उचलली. तोंडात टाकली. चावली. मी तिच्या तोंडाकडे बघतोय, ही माझ्याकडे बघतेय. लेक म्हणाली, "बाबा, वाळलीय हो."

मी म्हटलं, "बर्फात. बर्फात वाळते."

"बर्फात?" ती म्हणाली. "कशी काय?"

अहो, विचारलं! माझ्या घरात कुणीतरी विचारलं! मी सांगितलं, सगळं सांगितलं, मधलं स्टेशन सांगितलं, पॅन्ट सांगितली, ती उभीच्या उभी माझ्यासारखीच तोंड उघडं टाकून ऐकतेय. "म्हणजे पिशवीतले ते काटे तुतीच होती?" "तुतीच!" "मग फेकलेत की काय?" मी म्हटलं, "फेकतो होय! वाटीत ठेवलेत, गोठवून, घट्ट झाकून." आणि ती खुर्चीत बसून जी हसायला लागली, डोळ्यांतून पाणी. ही पण हसली. हसता हसता हिनं पातेलं चढवलं. पाचही पिशव्या ओतल्या, माझी ती वाटीही ओतली, साखर बेताची, कारण डॉक्टरांनी लेकीला जपायला सांगितलंय, आणि मंद आचेवर ठेवलं. पाच मिनिटं काही नाही. मग वास आला. काय सांगू... खिडकी उघडी होती, अंगणात झाड नव्हतं, आणि घरभर झाड आलं. ताज्यासारखी चव? छे! निम्मीही नव्हती. लेकीनं तसं तोंडावर सांगितलं. आणि चार दिवस रोज वाटी घेऊन बसायची, ओठ जांभळे, दात जांभळे, आणि माझ्या नव्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर एक डाग पडला तो मी अजून धुतलेला नाही. कुणी सांगायचं नाही हिला.

निघायच्या दिवशी तळाशी थोडं उरलं होतं. तीन-चार चमचे. ही डबी भरायला लागली लेकीबरोबर द्यायला. तर लेक म्हणाली, "नको आई. बाळ घेऊन येईन तेव्हा त्याला पहिल्यांदा हेच चाटवायचं. इथंच ठेवा." मी म्हटलं, बरोबर आहे, तुझ्या आईला नीट ठेवता येतं. तर तिनं ती डबी घेतली आणि माझ्या हातात दिली. हिच्यासमोर! "बाबा ठेवतील," म्हणाली. आणि ही? हिनं नुसतं फ्रीजरचं दार माझ्यासाठी उघडून धरलं.

आता तुम्हाला सांगतो, अशी ठेवलीय! डबी अशी निवडली की वर फक्त बोटभर जागा, कारण गोठलं की फुगतं, आणि त्या बोटभर जागेतली हवाही नको म्हणून वरून प्लास्टिक असं अंगाला चिकटवून बसवलं. मग झाकण, मग खाटकाकडचा कागद, मग परत प्लास्टिक, वर तारीख, आणि ठेवली पार मागं, तळाला, जिथं दाराची हवा पोचत नाही. बाळ व्हायचं, खायला लागायचं, यायचं, म्हणजे वर्षभराची गोष्ट. झालं! आता काळजी नाही!

पण नाही ना! रोज सकाळी ही जिन्यावरून हाक मारते, "अहो, लेकीचं नीट आहे ना?" रविवारी लेक फोनवर विचारते, "बाबा, नीट आहे ना?" परवा तर खाटीक रस्त्यातून ओरडला, "काका, नीट आहे ना?" आता मी काय सांगू? नीट आहे का ते बघायचं तर दार उघडावं लागतं, आणि दार उघडलं की नीट राहत नाही! आत माझ्या नातवंडाचा पहिला घास आहे, आत ते सगळं अद्भुत चाललंय किंवा चाललेलं नाही, आणि मला बघायची सोय नाही! मग मी रोज वर जातो. फ्रीजरसमोर स्टूल घेतो. बंद दाराकडे पाच मिनिटं बघतो. खाली येतो, आणि छातीठोक सांगतो, "नीट आहे!"

...घ्या तुमचा कोट.